नंदी वाढतो का?

नव्वदच्या दशकातली गोष्ट. गाइडच्या परवान्याची लेखी परीक्षा मी पास झाले होते. आता बसवनगुडीतल्या मोठ्या नंदीपुढे उभं राहून, परीक्षकांना प्रवासी समजून माहिती सांगायची होती. अण्णा, म्हणजे माझे वडील, सोबत आले आणि जवळच खांबाला टेकून बसले. त्यांनी बाहेर थांबावं असं फार वाटत होतं, पण सांगणार कसं?

सुरुवात बरी झाली. अखंड दगड, तेलालोण्याने चढलेला काळेपणा, सगळं नीट सांगितलं. मग कथा: भुईमुगाच्या शेतात शिरलेला बैल, शेतकऱ्याने घातलेली काठी, बैलाचा झालेला दगड, आणि तो दगड वाढतच राहिला म्हणून, वाढ थांबावी यासाठी, त्याच्या डोक्यावर बसवलेला त्रिशूळ. लहानपणी ही कथा मला अण्णांनीच सांगितली होती. त्यांचा तिच्यावर विश्वास होता.

दोघांपैकी वयस्कर परीक्षकांनी मला तिथेच अडवलं.

"हे खरं आहे का?"

"लोक असं सांगतात, सर."

"लोकांचं राहू द्या. मी तुम्हाला विचारतोय. दगड वाढला का?"

आरतीचं ताट घेतलेले पुजारी थबकले. दर्शनाला आलेली माणसं वळून बघू लागली. हो म्हणावं तर परवाना हातचा जाणार. नाही म्हणावं, तर ते या सगळ्यांसमोर, अण्णांसमोर. त्यांच्याकडे बघायचं मी टाळलं.

"नाही," मी म्हणाले. "दगड वाढत नाही. पण इथे शेतं होती, भुईमूग पिकायचा. आजही कार्तिकात शेतकरी नव्या शेंगा आधी याच्यापुढे ठेवतात. ही कथा त्या शेतांची आठवण आहे."

परीक्षकांनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि पुढे चला अशी खूण केली. पुजारी माझ्याकडे न बघता गाभाऱ्यात गेले.

परतताना बसमध्ये अण्णा हळूच म्हणाले, "तो त्रिशूळ काढून दाखवा, असं परीक्षक म्हणाले असते तर?"

"पुजाऱ्यांनी काढू दिला नसता, अण्णा."

"सरी, बरं," म्हणाले, आणि स्वल्प सरकून मला नीट बसायला जागा दिली.

निकाल लागेपर्यंत आम्ही तो विषय काढला नाही. परवाना घरी आला तेव्हा त्यांनी त्यावरचा माझा फोटो निरखून पाहिला, आणि शेजारच्या अक्कांना दाखवायला घेऊन गेले.