हॉलमधलं इंजिन

"थांबा. आधी ऐका."

बोलणाऱ्याचं वाक्य अर्ध्यावर तोडून, तर्जनी वर करून ते असं म्हणायचे. समोर दूधवाला असो, सोसायटीचा सेक्रेटरी असो, नाहीतर मी. मग मान किंचित तिरकी करून स्वतःच ऐकत राहायचे. कधी पाण्याच्या मोटारीचं बेअरिंग गेलेलं असायचं, कधी कुणाच्या स्कूटरचा सायलेन्सर सैल झालेला असायचा. निदान सांगून झालं की म्हणायचे, "हां, आता बोला." तोपर्यंत बोलणारा आपलं बोलणं विसरलेला असायचा.

सगळी कॉलनी त्यांना फोरमनकाका म्हणायची. सातपूरच्या एका कारखान्यात प्रेस शॉपमध्ये, पत्रा दाबणाऱ्या मशीनांमध्ये, त्यांची तीस वर्षं गेली होती. मी शाळेत संगीत शिकवायची, आईबरोबर शेजारच्या रो-हाउसमध्ये राहायची. आमच्यामध्ये एक कमरेएवढी भिंत होती. ते निवृत्त झाले त्याच्या आदल्या वर्षी त्यांची बायको गेली. मूलबाळ नव्हतं. एकदा टीव्हीचा आवाज फारच मोठा होता म्हणून मी भिंतीवरून हाक मारली, तर ते ओशाळून म्हणाले, "काय करणार बाई, 'आवाज कमी करा' म्हणणारं माणूसच घरात राहिलं नाही."

नव्वदच्या दशकाच्या मध्याची गोष्ट. एका सकाळी टेंपोमागे दोर बांधून एक गाडी आली. बुटकी, लांब नाकाची, जुनी विलायती स्पोर्ट्स कार. देवळालीच्या एका बंगल्यात ती पंधरा वर्षं धूळ खात पडली होती. इंजिन जाम. टायर बसलेले. सीटमध्ये उंदरांनी संसार मांडलेला. काका मात्र तिच्याभोवती असे फिरत होते, जणू पाहुणी आली आहे आणि तिला कुठे बसवावं हे सुचत नाहीये.

तिला नाही, पण तिच्या इंजिनाला त्यांनी थेट हॉलमध्ये बसवलं. सोफा अंगणात गेला. लोखंडी अँगलचा स्टँड स्वतः वेल्डिंग करून आणला आणि त्यावर ते धूड चढवलं. जाम झालेल्या पिस्टनवर डिझेल आणि ऑइल ओतून ठेवलं. मग रोज सकाळी आंघोळ झाली की एक लांब पाना लावायचा आणि हलकासा जोर द्यायचा. हललं नाही की पाना पुसून ठेवायचा. जबरदस्ती नाही. अठराव्या की एकोणिसाव्या दिवशी इंजिन जरासं फिरलं, तेव्हा ते भिंतीपाशी येऊन मला म्हणाले, "बाई, तिनं कूस बदलली."

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील, ज्यांच्या घरात वस्तूंना माणसांपेक्षा जास्त जागा असते. पण काकांच्या हॉलमध्ये मला कधी पसारा दिसला नाही. व्हॉल्व्ह एका पुठ्ठ्यात भोकं पाडून ओळीनं खोचलेले, प्रत्येकाखाली नंबर. नट-बोल्ट बायकोच्या मिसळणाच्या डब्यात. "हळदीच्या वाटीत वॉशर," ते मला दाखवत म्हणाले, "मोहरीच्या वाटीत छोटे नट. तिच्या पद्धतीनंच लावलंय. बारीक वस्तू पुढे." एवढं बोलून त्यांनी डब्याला झाकण लावलं.

सुट्या भागांसाठी ते मुंबईचे जुने बाजार धुंडाळून आले. जे मिळालं नाही ते ओळखीच्या लेथवर करून घेतलं. वर्षभरानंतर इंजिन पुन्हा गाडीत बसलं. किल्ली फिरवली, दोन-चार खोकले, निळा धूर, आणि मग ते चालू झालं. मी टाळ्या वाजवल्या. आईसुद्धा काठी टेकत ओट्यावर आली. काकांनी मात्र तर्जनी वर केली.

"थांबा. ऐका. टिक-टिक येतंय. वरच्या टॅपेटचा आवाज नाही, आत खोल कुठेतरी. तुमचा कान सुरातला आहे, तुम्ही सांगा."

मी बोनेटवर वाकून ऐकलं. मला काहीही ऐकू आलं नाही. इंजिन एकसारखं गुरगुरत होतं, बस. पण काका माझ्या तोंडाकडे टक लावून बघत होते. शाळेत माझा तास म्हणजे पोरांना गोंधळाचा तास, घरी आईची औषधं. माझ्या उत्तराची अशी वाट बघणारं दुसरं कुणी नव्हतं. शिवाय मी 'नाही' म्हटलं असतं तर बोनेट बंद झालं असतं आणि माझं भिंतीशी उभं राहणंही.

"हो," मी म्हणाले. "बारीकसा येतोय."

त्यांचा चेहरा उजळला. "म्हणजे आहे!"

त्यांनी इंजिन पुन्हा उतरवलं, पुन्हा पूर्ण उघडलं. बेअरिंग मोजली, रिंगा मोजल्या, सगळं बरोबर. बरोबर निघालं याचाच त्यांना त्रास व्हायला लागला. "तीस वर्षं दुसऱ्यांची मापं तपासली," ते म्हणायचे, "आता माझंच माप चुकतंय आणि मला सापडत नाही." इंजिनाचं जड हेड एकट्यानं उचलताना त्यांच्या कमरेत उसण भरली. तीन आठवडे अंथरुणात. मी पोळी-भाजी नेऊन द्यायची आणि प्रत्येक वेळी खरं सांगायचं ठरवून जायची. ते छताकडे बघत म्हणायचे, "बरं झालं बाई, तुम्हीही ऐकलात. नाहीतर वाटलं असतं, म्हाताऱ्याला भास होतोय." मी रिकामा डबा घेऊन परत यायची.

दिवाळी उलटल्यावर इंजिन दुसऱ्यांदा चालू झालं. काकांनी मान तिरकी केली. खांदे पडले.

"आहेच. बाई, आहे ना?"

"काका, मला ऐकू येत नाहीये." आणि मग, इतके दिवस न सांगितलेलं, "मागच्या वेळीही आलं नव्हतं. मी खोटं बोलले."

ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी हात आत घालून किल्ली बंद केली. इंजिन थांबलं. सगळं शांत झालं. काका तसेच उभे होते, मान तिरकी करून.

"अजून येतंय," ते म्हणाले.

मग गाडीच्या मडगार्डला धरून हळूच पायरीवर बसले. "म्हणजे इंजिन पहिल्यापासून बरं होतं. हे मला एकट्यालाच ऐकू येतंय."

कानाच्या डॉक्टरांनी तेच सांगितलं. प्रेसच्या धडधडीत कान गेले होते, आणि जे गेलं त्याच्या जागी ही टिक-टिक राहिली होती. त्यावर औषध नव्हतं. आठवडाभर काकांचं दार बंद होतं. टीव्हीसुद्धा नाही. मी भिंतीपाशी जायची आणि परत फिरायची.

आठव्या दिवशी तेच आले. हातात रबरी नळीचा तुकडा.

"बाई, जरा कान उसना द्या."

त्या गाडीला दोन कार्बोरेटर होते. दोघांनीही सारखी हवा ओढायला हवी. नळीचं एक टोक कार्बोरेटरपाशी धरायचं, दुसरं कानाला लावायचं आणि दोन्हींची फुसफुस सारखी आहे का ते बघायचं. मी ऐकलं आणि म्हणाले, "डावा चढा आहे."

"चढा म्हणजे जास्त?"

"पाव सुरानं."

ते एवढे हसले की त्यांना पाना खाली ठेवावा लागला. मी ऐकायची, ते स्क्रू फिरवायचे, डोळे माझ्या तोंडावर. दोन्हींची फुसफुस एक झाली तेव्हा इंजिनाचा आवाजच बदलला, भरीव झाला. त्यानंतर दर महिन्याला हे काम आमचं. कधी रविवारी ते मला किंवा आईला गंगापूर धरणापर्यंत फिरवून आणायचे. बाकीच्या दिवशी एकटेच जायचे. चालत्या गाडीत टिक-टिक कमी जाणवते, असं म्हणायचे.

आई गेली. मग काही वर्षांनी येवल्याला बहिणीकडे लग्नाला गेलेले काकाही तिकडेच वारले. फोनवर कळलं. भाचा येऊन घर आवरून गेला. गाडी पुण्याच्या एका गृहस्थानं घेतली. ते न्यायला आले तेव्हा किल्ली माझ्याकडेच होती.

त्यांनी गाडी सुरू केली, बोनेट उघडून बराच वेळ उभे राहिले.

"इतकं सुरेल इंजिन पहिल्यांदा बघतोय," ते म्हणाले. "कुणी ट्यून केलंय हो?"

"आम्ही दोघांनी," मी म्हणाले.

उभ्या जन्मात मी हे दोन शब्द पहिल्यांदाच उच्चारले असतील. गृहस्थांनी सहज माझ्यामागे, घराच्या उघड्या दाराकडे पाहिलं, दुसरं कोण आहे ते बघायला.