न उघडलेल्या फायली

लिफ्टची देखभाल करणाऱ्या त्या कंपनीत त्यांना सगळे खात्रीकाका म्हणत. पाठवलेली मेल पोचली का, हे विचारायला ते दोन जिने चढून जात. लिफ्टवर त्यांचा भरवसा नव्हता.

प्रत्येक लिफ्टचे आराखडे, तपासणीचे फोटो, सगळं क्लाउडवर होतं आणि ती साठवण सांभाळायचं काम काकांकडे होतं. क्लाउडचं भाडं फुगत चाललं, तेव्हा साहेबांनी एकदाच सांगितलं, "तीन महिन्यांत निम्म्यावर आणा. नाहीतर एक पगार वाचवावा लागेल." काकांच्या खोलीत टेबलं दोनच. दुसरं ताईचं, तिला नोकरीला लागून जेमतेम वर्ष झालेलं. कुणाचा पगार, हे विचारायची गरज नव्हती.

उपाय साधा होता. महिनाभर कुणी न उघडलेली फाईल आपोआप स्वस्त कप्प्यात जाईल, अशी सोय काकांनी चालू केली. महिना सरला. भाडं तसूभरही हललं नाही.

ताईने यादी काढली. "काका, गंमत बघा. पंधरा वर्षांपूर्वीच्या फायलीसुद्धा आज पहाटे उघडल्यात. झाडून सगळ्या! कोण मेलं एवढं वाचतंय?"

काकांनी चष्मा काढून पुसला. "मीच."

नऊ वर्षांपूर्वी एका इमारतीचा आराखडा ऐन वेळी उघडेना. लिफ्ट चार दिवस बंद राहिली, वरच्या मजल्यांवरची म्हातारी माणसं घरात अडकली. तेव्हा काकांनी एक प्रोग्राम लिहिला होता. रोज पहाटे प्रत्येक फाईल उघडायची, धड आहे ना पाहायचं, मिटायची.

"दुधाने पोळलात ते ठीक," ताई म्हणाली, "पण तुम्ही ताक तर सोडाच, पाणीही फुंकून पिताय. क्लाउडवाले तीन-तीन प्रती ठेवतात."

"ठेवत असतील. उद्या बघतो."

संध्याकाळी घरी आल्यावर त्यांनी लेकीच्या खोलीचं दार ढकललं. "चाललाय ना अभ्यास?"

"चालला होता," ती पुस्तकातून डोकं वर न काढता म्हणाली. "तुम्ही दर वेळी दार उघडता, बाबा, आणि मी पुन्हा पहिल्या ओळीवर."

काका तिथेच उभे राहिले. नऊ वर्षं आपण फायली राखत होतो, की आपली भीती रोज उघडून बघत होतो?

सकाळी त्यांनी प्रोग्राम बंद केला. मग तीस दिवस काहीच करायचं नव्हतं, आणि तेच जड गेलं. बाराव्या दिवशी त्यांचा हात त्या जुन्या आराखड्यापाशी गेलाच.

"एकच बघतो गं."

"एकच म्हणता म्हणताच सगळ्या झाल्या होत्या," ताई म्हणाली.

काकांनी हात खिशात घातला.

एकतिसाव्या दिवशी भाडं निम्म्याच्याही खाली आलं. साहेब स्वतः खोलीत आले, ताईच्या टेबलाला टेकून उभे राहिले. "शाबास! पण फायली धड आहेत ना सगळ्या?"

ताईने काकांकडे पाहिलं.

"बघितलं नाही," काका म्हणाले. मग जरा थांबून, "असतील."