बाळीच्या आठ पुरचुंड्या

दांडेलीकडच्या गुंद गावच्या भातशेतात राखणीला बाळी बसली की पाखरं खाली उतरतच नाहीत, असं लोक म्हणायचे. ते काही खरं नव्हे. पाखरं उतरायची, फक्त किती उतरली आणि कुठल्या अंगानं, हे बाळीला ठाऊक असायचं. माळ्यावर बसून ती फुटका बांबू आपटायची, पोरीची वेणी घालायची आणि त्यातच नवऱ्याला ओरडून सांगायची, "वरच्या कोपऱ्यात अकरा पोपट हायत!" येसू खालून म्हणायचा, "मोजतीस काय? हाकल की." त्यावर बाळीचं उत्तर ठरलेलं, "मोजल्याबगर कळणार कसं, समदी गेली का न्हाई ते?"

शाळा तिची दुसरीपर्यंतच. अक्षरं कधीच पुसून गेली, पण हिशेब बियांत राहिला. मळणी झाली की खळ्यावर भात मोजायला तीच बसायची. येसू पायली भरून ओतायचा आणि दर पायलीला बाळी एक चिंचोका बाजूला टाकायची. पहिली पायली देवाची. ती सुपात वेगळी निघायची आणि तिच्या नावाचा चिंचोका पडायचा नाही. सासूनं तसं केलं होतं, म्हणून बाळीनंही तेच केलं. देवाला दिलेलं मोजायचं नसतं, एवढंच तिला माहीत.

तिची रक्षिता बेळगावात इंजिनिअर झाली आणि नोकरी धरायची सोडून बेंगळुरूला आणखी दोन वर्षं शिकायला निघाली. एव्हिएशन इंजिनिअरिंग आणि मॅनेजमेंट. नाव सांगताना बाळीची जीभ अडखळायची, म्हणून ती नुसतं "इमानाचं" म्हणायची. तुळशीच्या लग्नाला घर भरलं होतं, तेव्हा धाकटा दीर उमाजी सगळ्यांच्या देखत म्हणाला, "वयनी, आपल्या गावाला बस दिवसातनं दोनदा, ती बी आली तर. आन पोरगी इमानाचं शिकणार?"

"बस येत न्हाई म्हणूनच, भावोजी," बाळी ऊस बांधता बांधता म्हणाली. "वाट बघत बसली तर तुमच्यासारखी हितंच ऱ्हायील."

बायका पदराआड हसल्या. उमाजीनं प्रसादाच्या पोह्यांचा द्रोण पुढं ओढला.

दुसऱ्या वर्षी रक्षिताला प्रकल्प करायचा होता. तिनं विषय घेतला पाखरांचा. घाटावर एक लहान विमानतळ आहे, दिवसाला चार-पाच विमानं. तिथं धावपट्टीच्या कडेच्या गवतात बगळे आणि घारी बसतात आणि विमानांना धडकायची भीती असते. पाखरांना पळवायला बार काढणारं यंत्र बसवलेलं होतं. पाखरं चार दिवस बिचकली आणि मग त्याच यंत्रावर जाऊन बसायला लागली. रक्षिताचं म्हणणं असं, की खरं कारण गवत आहे. गवत कापलं की किडे उघडे पडतात, आणि किडे उघडे पडले की पाखरांची पंगत बसते. हे तिला कुठल्या पुस्तकानं शिकवलं नव्हतं. घरच्या भातकापणीच्या आदल्या दिवशी चार बगळे आणि दुसऱ्या दिवशी चाळीस, हे तिनं आईच्या मांडीला टेकून बघितलं होतं.

मोजायचं कसं तेही ठरलं. रोज सकाळी पहिलं विमान यायच्या आधी, कुंपणाच्या दोन ठरलेल्या खांबांमधल्या गवतात किती बगळे आणि किती घारी बसल्यात ते बाहेरच्या बांधावरून मोजायचं. एकही दिवस चुकवायचा नाही. मार्गशीर्ष लागला होता, घरची मळणी उरकली होती. रक्षितानं विमानतळाजवळ खोली घेतली आणि आईला सोबतीला नेलं.

पहिले पाच दिवस दोघींनी मिळून मोजलं. रक्षिता वहीत लिहायची आणि बाळी बगळ्याला चिंचोका, घारीला काजूची बी अशी पदरात टाकायची. मग रक्षिता तो आकडाही वहीत शेजारी लिहायची. कुंपणाआतल्या पहारेकऱ्यानं पहिल्याच दिवशी हटकलं, "काय करतीस गे अक्का हितं?"

"पाखरं मोजते."

"कशाला?"

"तुजं काम हलकं व्हावं म्हणून. जरा बाजूला हो, तुज्या मागं दोन बसलेत."

मग रक्षिताला आठ दिवसांसाठी कॉलेजात जावं लागलं. मागे बाळी एकटी. वार चुकू नयेत म्हणून तिनं स्वतःच एक युक्ती काढली. रोजच्या बिया वेगळ्या चिंधीत बांधायच्या आणि त्यात त्या दिवसाच्या देवाची खूण ठेवायची. सोमवारी महादेवाचा बेल, मंगळवारी गणपतीची दूर्वा, बुधवारी पांडुरंगाची तुळस, गुरुवारी दत्ताला पिवळी शेवंती, शुक्रवारच्या चिंधीला देवीच्या कुंकवाचं बोट, शनिवारी मारुतीच्या रुईचं पान, रविवारी नुसत्या अक्षता. आणि पुन्हा सोमवार आला तेव्हा बेलाची दोन पानं.

त्यातल्या मंगळवारी, सकाळचं विमान उडून गेल्यावर, आत गवत कापायचं यंत्र फिरायला लागलं. बाळीनं पोरीला फोन लावला. "गे रक्षिता, हे गवत कापाया लागलेत! माजी पाखरं समदी बिघडतील आता."

पलीकडून रक्षिता किंचाळलीच. "आये, तेच पायजे होतं! मोज. काय बी होऊ दे, एक दिवस सोडू नको."

बाळीनं सोडला नाही. बुधवारी गारठा इतका की बोटं वळेनात, तरी चिंधी चिंचोक्यांनी फुगली. गुरुवारी त्याहून जास्त. शनिवारपासून पाखरं ओसरली. रक्षिता परत आली, तिनं पुरचुंड्या सोडून आकडे उतरवून घेतले आणि होत्या तशा पुन्हा बांधल्या. बाळी त्या घरी घेऊन गेली. आत बेल-तुळस, म्हणजे निर्माल्य. वाहत्या पाण्यात सोडायला हवं. पण चांगल्या काजूच्या बिया नदीला कशा द्यायच्या, हे ठरेना. म्हणून पुरचुंड्या वाशाला टांगून राहिल्या.

शिमग्याला रक्षिता घरी आली ती तोंड पाडूनच. गुंदात रेंज नाही. म्हणून वाटेतल्या टेकाडावर थांबूनच तिनं सरांशी बोलून घेतलं होतं. चुलीपुढं बसून तिनं आईला सांगितलं. मार्गदर्शक कृष्णा सरांना प्रकल्प आवडला होता. पण तक्त्यात प्रत्येक दिवसापुढं निरीक्षकाचं नाव लिहायचं असतं, आणि त्या आठ दिवसांपुढं बाळी येसू वेळीप असं लिहिलेलं.

"सर म्हणतात, लिहिता-वाचता न येणाऱ्या बाईची नोंद परीक्षक मानणार न्हाईत. एक तर ते आठ दिवस काढून टाकायचे, न्हाई तर तिथं माजं नाव घालायचं."

"काढून टाकलंस तर?"

"गवत कापलं तेच दिवस हायत ते. ते गेले तर प्रकल्पात काय उरतंय?" रक्षिता राखेत काडीनं रेघा ओढत होती. "माजंच नाव घालते, आये. घरातलंच तर हाय. तुज्या नावाला कोण विचारतंय? न्हाई मानलं तर सहा महिने परत करावं लागंल."

सर वाईट नव्हते. त्यांना पोरीचे सहा महिने वाचवायचे होते. येसूनंही मान हलवली, "घालू दे की तिचं. तुला काय करायचंय नाव?"

बाळीनं भाकरी तव्यावरून काढली, विस्तवाला उभी केली आणि मग बोलली. "त्या मंगळवारी तू कुठं होतीस?"

"बेंगळुरूला."

"मग बांधावर कोण होतं?"

रक्षितानं हातातली काडी चुलीत टाकली.

"गारठ्यानं बोटं माजी मोडली. देवाची खूण घालून गाठ मी मारली. आन लिहिणार काय, तर रक्षितानं बघितलं? उद्या कुणी विचारलं, बुधवारी पाखरं कुठल्या तोंडानं बसली होती, तर काय सांगशील? मला सही येत न्हाई, डोळे हायत. माजं नाव काढायचं न्हाई आन दिवस बी काढायचे न्हाईत."

"आये, नापास झाले तर?"

"खोटं लिहून पास झालीस तर इमानात बसणाऱ्यांनी कुणाच्या भरवशावर बसायचं?" तिनं भाकरी पोरीच्या ताटात टाकली. "परीक्षक मानत न्हाई म्हणतोय ना? मी येते. मलाच विचारू दे."

ती खरंच निघाली. वाशाच्या पुरचुंड्या काढल्या, डब्यात भरल्या, देवापुढं नारळ ठेवला. गुंदहून दांडेली, दांडेलीहून हुबळी, हुबळीहून बेंगळुरू. तीन बसमध्ये डबा मांडीवरून खाली ठेवला नाही.

कॉलेजात तोंडी परीक्षा एका थंडगार खोलीत होती. कृष्णा सर होते आणि बाहेरून आलेल्या परीक्षक शकुंतला मॅडम, केस पांढरे, तीस वर्षं विमानतळांच्या कामात काढलेल्या. बाळीला बाहेर बाकावर बसवलं होतं. दार अर्धं उघडं, त्यामुळं सगळं ऐकू येत होतं. अर्ध्या तासानं कृष्णा सरांचा आवाज कन्नडात चढला.

"मॅडम, मी हिला आधीच सांगितलं होतं. पहिले पाच दिवस दोघींनी एकाच वेळी मोजलंय, बघा. मुलगी दहा बगळे म्हणते, आई नऊ. अकरा, तर दहा. घारी चार, तर तीन. रोज एक कमी! जिला दहा मोजता येत नाहीत तिच्या आठ दिवसांवर निष्कर्ष कसा काढायचा?"

रक्षिताचा आवाज बारीक झाला. "सर, लांबून एखादं सुटलं असेल…"

बाळी उठली आणि सरळ आत गेली. कन्नड तिला मराठीइतकंच येत होतं. "एक बी सुटलं न्हाई," ती म्हणाली. "मीच सोडलं. पहिलं देवाचं."

मॅडमनी चष्मा काढला. "म्हणजे काय, अम्मा?"

बाळीनं खळ्यावरची पायली सांगितली. पहिली देवाची, तिला बी नाही. पाखरांनाही तसंच केलं. पहिला बगळा देवाचा, पहिली घार देवाची. मग डबा उघडून पुरचुंड्या टेबलावर मांडल्या. "हा बुधवार. तुळस हाय बघा. सोडा आन मोजा."

मॅडमनी स्वतःच्या हातानं गाठ सोडली. वाळलेली तुळस बाजूला ठेवली. चिंचोके तीस, काजू सात. तक्त्यात तीस आणि सात. त्यांनी गुरुवार सोडला; तोही जुळला.

"बिया कधीही भरता येतात," कृष्णा सर पुटपुटले.

"येतात की," मॅडम म्हणाल्या. "पण खोटं भरणारी बाई लेकीच्या आकड्याशी जुळवून भरेल, रोज एक कमी ठेवणार नाही. तराजूला पासंग असला आणि तो किती ते माहीत असलं, तर माप काढता येतं. एक मिळवा, झालं." आणि त्या हसल्या. रक्षिताच्या खांद्यावरचं ओझं उतरताना बाळीला दिसलं.

पण मॅडमनी शेवटची पुरचुंडी उचलली, बेलाच्या दोन पानांची. आत चिंचोके होते, काजू एकही नाही. "या दिवशी घार नव्हती?"

"होती. एकच. खांबाखाली पिसं वाळवत बसलेली."

"तक्त्यात शून्य आहे."

"एकच होती. ती देवाची."

मॅडमचं हसू गेलं. त्यांनी मोबाइलवर एक चित्र उघडून बाळीपुढं धरलं. विमानाच्या इंजिनाचं धातूचं पातं, केळीच्या पानासारखं दुमडलेलं. "हे एका घारीनं केलंय, अम्मा. एकीनं. आत माणसं बसलेली होती. आम्हाला शून्य आणि एक यांत फार फरक असतो."

बाळी चित्राकडं बघत राहिली. हात आपोआप जोडले गेले. मग तिनं मान वर केली, आधी पोरीकडं आणि मग सरांकडं बघितलं. "हे मला बांधावर बसवायच्या आधी दाखवायचं होतं. मोजणारीला सांगावं लागतं, एका पाखरानं काय होतं ते. ठाऊक असतं तर देवाला मी दुसरं काय तरी दिलं असतं."

कृष्णा सर काहीतरी बोलणार होते, पण मॅडमनी हात वर केला आणि कागदावर लिहायला घेतलं. लिहिता लिहिता मोठ्यानं वाचूनही दाखवलं: तक्ता दुरुस्त करावा, मोजण्याची पद्धत सविस्तर लिहावी, निरीक्षकाचं नाव आहे तेच ठेवावं. दुरुस्तीनंतर उत्तीर्ण.

गुण काही भरभरून मिळाले नाहीत. सरांनी आपल्या हातातले थोडे कापलेच. पण गवत पट्ट्यापट्ट्यानं आणि दिवसाचं शेवटचं विमान गेल्यावर कापावं, कापलेलं लगेच उचलावं, ही रक्षिताची सूचना त्या विमानतळानं मागवून घेतली.

पावसाळ्याआधी ती जाड बांधणीचं पुस्तक घेऊन गुंदला आली. बाळीनं हात धुतले, पुस्तक देवापुढं ठेवून त्यावर हळद-कुंकू वाहिलं आणि मग विचारलं, "माजं नाव कुठं हाय?" रक्षितानं तिचं बोट धरून ओळीवर ठेवलं. आठ ओळी, आठ वेळा तेच नाव.

"आन देवाचं?"

"खाली टीप हाय. पहिलं पाखरू देवाचं म्हणून मोजलेलं न्हाई, प्रत्येक आकड्यात एक मिळवला हाय, असं लिहिलंय."

"मग बरं," बाळी म्हणाली.

उमाजी दारात येऊन उभा होता. मान लांब करून त्यानं पुस्तकात डोकावलं. "नाव छापलं, वयनी. त्यानं काय झालं? उद्या परत चिखलातच जायचं."

"जाणार की. लावणी कोण करणार?" बाळीनं पुस्तक मिटलं नाही, उलट त्याच्याकडं फिरवून धरलं. "तवर तुमचं नाव कुठं छापलंय, तेवढं दाखवा."