टेकडीवरचं लाल कापड

मालवणच्या दक्षिणेला किनाऱ्यालगतच्या एका गावात मी प्राथमिक शाळेत शिकवत होते. ऐंशीनंतरची वर्षं होती. तालुक्याहून परिपत्रक आलं, प्रत्येक गावाने वादळाची पूर्वतयारी करून आराखडा पाठवावा. सरपंच आजारी होते, म्हणून ते काम ग्रामसेवकावर आणि माझ्यावर आलं.

आराखडा आम्ही एका दुपारी शाळेत बसून केला. ग्रामसेवक घाटावरचा, मी खारेपाटणकडची, भाताच्या शेतीत वाढलेली, आणि तिसरा शाळेचा शिपाई, तोही आतल्या गावचा. समुद्र आम्हा तिघांना फक्त बघण्यापुरता ठाऊक. बैठकीला गावातलं कोणीच नव्हतं, कारण ती वेळ बाजाराची. मला त्याचं काहीच वाटलं नाही, उलट चर्चा लवकर आटपली म्हणून बरंच वाटलं.

ठरलं ते असं: धोक्याचा निरोप आला की शिपायाने टेकडीच्या टोकावर उभं राहून लाल कापड फडकवायचं. ते टोक प्रत्येक घरातून दिसायचं. कापड दिसलं की सगळ्यांनी उंचावरच्या शाळेत यायचं. सूचना फळ्यावर लावली, चांगल्या शुद्ध मराठीत. ती कोणी वाचली असेल तर मीच. रंगीत तालीम घ्यायची होती, पण सहामाही परीक्षा आली. ‘तालीम झाली’ असं लिहून मी सही ठोकली.

दिवाळीनंतरच्या एका सकाळी रेडिओवर इशारा आला. दर्या दोन दिवस फुगलेला होता, होड्या वाळूवर ओढलेल्या होत्या, वारा मात्र पडलेला. शिपाई कापड घेऊन टेकडीवर गेला. मी शाळेच्या व्हरांड्यात हंडे भरून, हजेरीपट घेऊन उभी राहिले. खरं सांगायचं तर मला स्वतःचं कौतुक वाटत होतं.

कापड फडकलं आणि घराघरांतून माणसं बाहेर पडली. बाया चुलीवरचं तसंच टाकून धावत होत्या. पण शाळेकडे कोणीच येत नव्हतं. सगळा गाव किनाऱ्याकडे पळत होता. आधी वाटलं, होड्या आणखी वर घ्यायला चाललेत. मग दिसलं की मोठी होडी ते पाण्यात ढकलतायत.

मी धावत सुटले. वाळूत चप्पल गेली. किनाऱ्यावर माझी घरमालकीण भेटली, तिला मी काकी म्हणत असे. ती पदर खोचून रापणीच्या दोरीपाशी उभी होती. रापण म्हणजे होडीतून पाण्यात सोडून किनाऱ्यावरून अख्ख्या गावाने ओढायचं लांबलचक जाळं. दोरीला हात लावील त्याला वाटा.

"काकी, शाळेत चला. वादळ येतंय."

"तां आमकाय कळता. पण वादळाआधी मासो कडेक येता. वरून खूण झाली मां."

"कसली खूण?"

"टेकडेवरसून कापड हलला काय मासो इलो. माझ्या सासऱ्याच्या वेळेपासून."

म्हणजे ते टोक सगळ्या घरांतून दिसतं हे आमच्या आधी त्यांनी हेरलं होतं, आणि ते टोक कशासाठी वापरतात हे आम्ही विचारलंच नव्हतं.

मी कमरेभर पाण्यात शिरून होडीची कड धरली. काकीचा मुलगा पुढच्या वल्ह्यावर होता. "सोडा बाईनू, मासो सुटतलो," तो म्हणाला.

"मासा नाही. ते कापड मी फडकवायला सांगितलंय."

वल्ही थांबली. माणसं माझ्याकडे बघत राहिली, आणि त्या बघण्यात होडी आडवी झाली. लाट उंच नव्हती, पण जड होती. होडी कलंडली, बाकीचे बाजूला फेकले गेले. काकीच्या मुलाचा पाय होडी आणि वाळू यांच्यामध्ये सापडला. हाड मोडल्याचा तो आवाज मला आजही ऐकू येतो.

दहा जणांनी होडी उचलली, चौघांनी त्याला शाळेत आणलं. मागोमाग सगळा गाव वर आला. तासाभरात वारा सुटला आणि किनाऱ्यावर उभं राहायला जागा उरली नाही. माणूस एकही गेला नाही. तालुक्याने पुढे आमची पाठ थोपटली, तेव्हा मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्या दुपारी कौलं उडत असताना काकी मुलाचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. ती रागावली असती तर मला सोपं गेलं असतं.

"माका एकदा इचारूचा होता बाईनू," ती म्हणाली. "मी काय लांब रवतंय? एका भिंतीपलीकडे तर आसंय."

 

पाय जुळला, पण वाकडा. पुढच्या वल्ह्यावर त्याला परत कोणी बसवलं नाही. मी आणखी तीन वर्षं त्याच घरात भाड्याने राहिले. सकाळी तो अंगणातून लंगडत विहिरीकडे जायचा, आणि त्या वेळी मी माझ्या खोलीचं दार लावून घ्यायचे.