तावोंगाने वाचलं

सरोवराकाठच्या करोंगा गावच्या बाजारात सुक्या उसिपा मासळीच्या टोपल्या ओलांडल्या की तावोंगाचं कंप्युटरचं दुकान. तिथे माणूस कंप्युटरपुढे बसून वाट्टेल ते विचारी आणि निर्धास्त घरी जाई. कारण तावोंगाने स्वतः एक सर्च इंजिन बसवलं होतं, ओपन सोर्स, फुकटातलं. ते स्वतः काही शोधत नसे. तुमचा प्रश्न घेऊन मोठ्या इंजिनांकडे जाई, तुमचं नाव न सांगता उत्तरं आणी आणि मग सगळं विसरे.

कटकटी होत्याच. एकाच पत्त्यावरून एवढे प्रश्न म्हटल्यावर मोठी इंजिनं अधूनमधून दार लावून घेत. मग उत्तरं अर्धीमुर्धी.

"ताई, तुझं यंत्र आज उपाशी आहे का गं?" गिऱ्हाईक करवादे.

"उपाशी आहे, पण चहाडखोर नाही!"

लोक हसत आणि तिथेच बसत. बायकांचे फोन नवरे उघडून बघत, पोरींचे आया. मग दुसरीकडे जाणार कुठे?

मग वायसन गेला, तिचा नवरा. मूत्रपिंडं निकामी झाली होती.

"त्यांना वर्षभर माहीत होतं," डॉक्टर म्हणाले. "तुमच्याच दुकानात बसून त्याबद्दल वाचायचे म्हणे."

एका ताटात जेवणारा माणूस! बायकोला सांगितलं नाही आणि तिच्या यंत्राला सांगितलं, कारण ते विसरतं हे त्याला पक्कं ठाऊक. काय विचारलं असेल त्याने? उत्तरं तरी धड आली होती का? कळायला मार्ग नव्हता. तिनेच ठेवला नव्हता.

दुकान पुन्हा उघडलं त्या सकाळी तिने एक सेटिंग बदललं. आता यंत्र प्रश्न लिहून ठेवणार होतं. इंजिनाचा कोड जगाला उघडा होता खरा, पण तिच्या टेबलाखालच्या डब्यात काय चाललंय ते तिलाच ठाऊक. लोकांकडे होता तो फक्त तिचा शब्द.

दुपारी तिने पाहिलं. तांदळाचा भाव. फुटबॉल. कुणाला तरी प्रेमपत्राचा मजकूर हवा होता. आणि मध्येच: पाय सुजतात, लघवी कमी होते, घरी न कळता औषध.

तिने मान वर केली. कोपऱ्यात म्वेनिफुम्बो मास्तर बसले होते, बुटांच्या नाड्या सोडून.

बोललं तर दुकान संपलं. आणि गप्प बसलं तर आणखी एक वायसन. तावोंगा उठली.

"मास्तर, आजच्या आज इस्पितळात जा."

"कशाला?"

"पायांसाठी."

मास्तरांचा चेहरा उतरला, मग आवाज चढला. "तुला कसं कळलं?"

बूट बघून कळलं, असं सांगता आलं असतं. थाप पचलीही असती. पण सकाळपासून एक खोटं चालूच होतं, त्यावर दुसरं नको.

"मी वाचलं," ती म्हणाली. "सकाळपासून सगळ्यांचं वाचतेय."

खुर्च्या करकरल्या. "शी! विधवा म्हणून कीव केली हिची," एक बाई पचकन बोलली आणि निघून गेली. तिच्यामागून सगळेच. मास्तर तेवढे उरले.

"वायसनने मला सांगितलं असतं तर भांडले असते, रडले असते, पण फरफटत नेलं असतं हो त्याला," तावोंगा म्हणाली. "तुम्ही जा. पाया पडते."

मास्तर तशाच सुट्या नाड्यांनी बाहेर पडले.

तिने सेटिंग तेव्हाच पूर्ववत केलं. पण आता विसरायलाही कुणाचा प्रश्न येत नव्हता. शाळेची पोरंसुद्धा समोरून वळसा घालून जात.

पावसाळा सरल्यावर एके दिवशी मास्तर दारात उभे राहिले. वाळले होते, पण नाड्या घट्ट बांधलेल्या.

"वेळेत आलात म्हणाले डॉक्टर. औषध चालू आहे."

तिने घाईघाईने एका खुर्चीवरची धूळ पुसली. "बसा ना, मास्तर. आता काही लिहीत नाही ते. वायसनची शपथ."

"नसेल गं पोरी," मास्तर म्हणाले. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, बराच वेळ ठेवला. "तुझ्यामुळे जगलो. पण इथे आता नाही बसायचो."