बोटवाल्या आबांचा बाप

जेवायला बसताना म्हाताऱ्यानं कधी हात धुतला न्हाय. गोठ्यातनं आला की तसाच भाकरीला हात घालायचा. पर जुन्या पेपरला हात लावायचा म्हणलं की कोपरापतूर साबण, त्यो बी माझा अंगाचा साबण, आणि मग पंच्यानं एकेक बोट पुसायचं. माझा सासरा हा. शेळगावात त्येला समदी बोटवाले आबा म्हणायची आणि त्येला वाटायचं मान देत्यात.

बोट कसली डोंबलाची? हितं पाणी म्हंजी उसाच्या पाटाचं, तेबी पाळीनं येणारं. आबांनी जन्मात समुद्र बघितला न्हवता. बघायला गेला त्यो त्येंचा बाप. आमच्या घरात तवा मेंढरं हुती. दिवाळी झाली की कळप घिऊन घाट उतरायचा, कोकणात हिंडायचं, पाऊस लागायच्या आधी माघारी यायचं. एका साली मेंढरं माघारी आली, कुत्रं माघारी आलं, आबांचा बाप आला न्हाय. बंदरावर गेला आणि बोटीवर चढला, एवढंच बरुबरच्यांनी सांगितलं. आबा तवा पाळण्यात. त्येंच्या आईनं मरस्तवर कुंकू पुसलं न्हाय.

तर त्यो बाप हुडकायचा, हे म्हाताऱ्याचं काम. साखर कारखान्यातनं रिटायर झाला आणि ह्या नादाला लागला. आठवड्यातनं एकदा एसटी धरायची, बारामतीच्या वाचनालयात बसायचं. कधी पुण्याला, जुनी सरकारी दप्तरं ठेवत्यात तितं, कधी पार मुंबईला. संगं एक भिंग. कुठली आगबोट कवा सुटली, कुठं बुडाली, समदं वहीत उतरून आणायचा. एक दिस दारातनंच वरडला, "सूनबाई, आज एक बोट घावली!"

म्या म्हणलं, "आणा की मग घरी. बांधा गोठ्यात, दूध देती का बघू."

आमचे हे हसले. पर हे लोणी देवकरला कंपनीत, घरी आले की झोप. म्हाताऱ्याच्या तावडीत दिवसभर मीच.

माझं पोरगं बाळू रांगाय लागलं हुतं. एकदा म्हणलं, "आबा, बाळूकडं बघा, मी धुणं वाळत घालून येती." येऊन बघती तर म्हातारा भिंगात डोळा घालून बसलेला आणि पोराच्या तोंडात कात्रण. आबांनी बोट घालून कागद काढला, पोर घुसमटून लालेलाल झालं आणि आबा मलाच वरडत्यात, "अगं, आगबोटीची बातमी हुती ती!" त्या दिवशी म्या त्येंना जेवाय वाढलं न्हाय. त्येंना ते कळलं बी न्हाय.

कुणी म्हणायचं, आबा, एवढी वर्सं झाली, गेला आसंल आता. की आबांचं ठरल्यालं उत्तर, "कागद बोलंल तवा मी बोलंन." आमच्यात मेलेल्या माणसाचा चांदीचा टाक करून देव्हाऱ्यात बसवत्यात, रोज पाणी, फूल. आजं-पणजं समदी बसल्यात. ह्यो एकटाच न्हाय. पितरांना पान वाढायला लागलं तरी म्हातारा आडवा यायचा. कागद कुठं हाय म्हणायचा. जसा काय कागदानं जेवाय यायचं हुतं.

आणि एवढा हुशार तर तीन वर्सं त्या बोटींच्या याद्यांत हुडकत काय बसला, तर आपलं आडनाव! मी भाकरी थापत हुते, सहज म्हणलं, "आबा, कोकणात आपल्याला आडनावानं कोण वळखतंय? मेंढरामागं दिसला की धनगर. तिथला कारकून दुसरं काय लिवणार?"

म्हातारा घास हातात धरून तसाच बसला. मी सातवी, त्यो म्याट्रिकपतूर गेल्याला. "पोरी," म्हणला, "तीन वर्सं मी चुकीच्या दारात हुबा हुतो." दुसऱ्या दिशी पुन्ना एसटी. पुन्ना भिंग, पुन्ना माझा साबण. आणि पुन्ना तेच, कागद बोलत न्हाय अजून.

बाळू सव्वा वर्साचा झाला आणि त्येला तापात आकडी आली. डोळं वर, दात गच्च, अंगाची लाकडाची फळी. मी कुणाच्या ट्रॅक्टरवर बसले, कशी बारामतीला पोचले, मला आठवत न्हाय, नुसतं आठवतंय की मी त्येच्या नाकाला गाल लावून बसल्याली, वारं लागतंय का बघत. डाक्टरनं औषध दिलं. पंधरा दिसांनी पुन्ना आली. मग मी देवऋष्याकडं गेले. भ्यालेली बाई कुठंबी जाती. त्येनं तांदूळ टाकलं आणि म्हणला, "घरातला एक माणूस पाण्यात ऱ्हायलाय. देवात बसवा त्येला. पर मेला कवा ते सांगून बसवा, आंदाजानं नको."

मी तशीच घरी आले, आबांच्या म्होरं पोराला ठिवलं. "सांगा तारीख."

"कागद बोलला न्हाय, सूनबाई."

"कागदाला तोंड हाय व्हय? माझ्या पोराच्या तोंडाला फेस येतुया त्यो बघा! तुमचा बाप वहीत जित्ता ठिवायला माझं पोर घालवताय का?"

सासऱ्याला असं कोण बोलतं? मी बोलले. म्हातारा सकाळी उठून एसटीनं गेला.

तिसऱ्या दिशी आला त्यो दारात हुबा ऱ्हायला, आत पाय टाकंना. "घावलं," म्हणला. "नाव हाय, तारीख हाय. बोटीवर तापानं गेला. पाण्यात सोडला." आणि न्हावी बोलवून डुईचं केस काढलं, मिशी काढली. सत्तरीच्या म्हाताऱ्यानं ज्येला कधी डोळ्यानं बघितलं न्हाय त्या बापाचं सुतक धरलं. गाव हसलं. मलाबी हसू आलं, खोटं कशाला सांगू. तसा तुळतुळीत म्हातारा लईच येडा दिसायचा.

इंदापूरच्या सोनाराकडनं टाक आणला, तारीख सांगून बसवला. डाक्टरचं औषधबी म्या बंद केलं न्हाय. आकडी पुन्ना आली न्हाय. कशानं थांबली मला इचारू नका.

आबांनी वह्या पेटीत घातल्या आणि परत एसटी धरली न्हाय. वट्यावर बसून ऱ्हायचे. कुणी टवाळीनं इचारलं, "काय आबा, बोट कुठवर आली?" तर म्हणायचे, "लागली बंदराला." माझा साबण पुरायला लागला.

गेल्या उन्हाळ्यात आबा गेले. पेटीत उंदीर शिरला म्हणून म्या ती उपसली, तर शेवटची वही. अक्षराखाली बोट धरून वाचलं. "बोटीवर एक मयत. नोंद नुसती 'धनगर, खलाशी'. नाव नाही, गाव नाही. आपला का दुसऱ्याचा, कागद बोलत नाही." आणि खाली, "सूनबाईला आपला म्हणून सांगितले."

आधी संताप आला. मूर्ख म्हातारा! जन्मात एकदा खोटं बोलला आणि तेबी वहीत लिवून ठिवलं. सांगायचं न्हवतं तर लिवायचं कशाला? मग मान वळवून टाकाकडं बघितलं. म्हंजी माझ्या देव्हाऱ्यात दोन वर्सं कुणाचा माणूस बसलाय? आणि आपला अजून पाण्यातच का? बाळू अंगणात चाक पळवत हुता. पोटात दुसरं हाय. ह्येंना म्या सांगितलं न्हाय. पान फाडलं आणि चुलीत घातलं.

परवा वर्साला आबांचा टाक आला. देव्हाऱ्याला हात लावायच्या आधी म्या कोपरापतूर साबणानं हात धुतले, एकेक बोट पुसलं. त्येंना त्या बोटीवाल्याच्या शेजारी ठिवलं आणि हळूच म्हणलं, "बसा आबा. आता भिंग नको, वही नको, तोंडानंच इचारा त्येला, कुणाचा म्हणून. आपला असंल तर बरंच झालं. नसला तरी उठवू नका. माझं पोर त्येच्या पायाशी हाय."