चौसष्ट अक्षरं आणि सातवी ओळ

एनेलिया मातोस दुसऱ्याच्या हातचं काही सहज घेत नसे. निवडून दिलेला काळा घेवडा ती पुन्हा निवडायची. खडा सापडला नाही तर अस्वस्थ व्हायची.

बाराकोआ या किनाऱ्यावरच्या गावातल्या रेडिओ केंद्रात तिनं एकोणतीस वर्षं ध्वनिफिती सांभाळल्या. समुद्राच्या हवेनं फिती एकमेकींना चिकटायच्या, मग त्यांची भुकटी व्हायची. त्याआधी ती त्या संगणकावर उतरवून घ्यायची. २०१२ पर्यंत चारशे बारा झाल्या होत्या. त्यातली तीनशे सातवी तिच्या वडिलांची. १९६३ सालच्या वादळात नद्या गावात शिरल्या, तेव्हा ते माइकसमोर बसून जिवंत सापडलेल्यांची नावं वाचत होते. एकशे सहा नावं. एकोणनव्वदावं नाव, एनेलिया मातोस, वय बारा, आंब्याच्या झाडावर सापडली. ते नाव वाचून वडील थांबत नाहीत. नव्वदावं वाचतात. ती मूळ फीत आता काळा लगदा झाली होती.

फेब्रुवारीत एका बातमीदारानं केंद्रातल्या संगणकाला आपला पेनड्राइव्ह लावला. त्यातून व्हायरस शिरला आणि दुपारपर्यंत सगळ्या फोल्डरांच्या जागी पोकळ शॉर्टकट उरले. संगणकातल्या फिती गेल्या. त्यांची एकच प्रत राहिली, एका सुट्या डिस्कवर. एनेलियानं ती बुटांच्या खोक्यात ठेवली, खोकं कपाटात, आणि कपाटाची किल्ली गळ्यात.

"जोवर भरवशाचं मशीन मिळत नाही, तोवर ही डिस्क कशालाच जोडायची नाही," ती म्हणाली.

केंद्रातली विंडोज चोरटी, कुणीतरी कुलूप तोडून वाटलेली होती. कुणी तोडलं, आत काय ठेवलं, कुणाला ठाऊक नव्हतं. तिच्याऐवजी लिनक्स घाल, असं लिओनं सुचवलं. लिओविखिल्दो गाइन्सा म्हणजे बाजारातला यंत्रं दुरुस्त करणारा, तिच्या शाळेतला, तिच्याच वयाचा. गावात इंटरनेट नव्हतं. जे यायचं ते हातोहात यायचं.

"अगं म्हातारे, सँतियागोच्या विद्यापीठातून उतरवून आणलंय. बसमध्ये मांडीवर धरून. बायकोलासुद्धा एवढं जपलं नव्हतं." लिओनं लिनक्सची डिस्क पुढे केली.

"म्हणूनच ती गेली." तिनं डिस्क उलटसुलट करून पाहिली. "फुकट ते पौष्टिक म्हणतोस?"

"फुकट म्हणून नाही गं. यात लपवलेलं काही नाही. सगळं वाचता येतं."

"तू वाचलंस?"

"मी? सगळं?" लिओ हसला. "कुणीतरी वाचलं असेलच की."

मग त्यानं ठशाची गोष्ट सांगितली. यंत्र अख्ख्या फाइलीचा चौसष्ट अक्षरांचा ठसा काढतं. आत एक स्वल्पविराम जरी हलला, तरी ठसा पार बदलतो. खऱ्या ठशांची यादी डिस्कवर होतीच. एनेलियानं बोट ठेवून एकेक अक्षर ताडलं. चौसष्टही जुळली.

घरी आली आणि घेवडा निवडायला बसली. बसवेना. उठली, बसली. ठसा लिओच्या डिस्कवरचा. यादीही लिओच्याच डिस्कवरची. ज्यानं कुलूप दिलं त्यानंच किल्ली दिली. मग तिनं तपासलं ते काय?

सकाळी तिनं केंद्रातून सँतियागोला फोन लावला. तिथल्या केंद्रात तिची मैत्रीण ग्रिसेल होती आणि ग्रिसेलच्या खोलीत इंटरनेट.

"लिनक्स बनवणाऱ्यांच्या पानावर बघ. ठसा वाचून दाखव."

"हे काय गं नवीन? मंत्र घेतलास की काय कुणाचा?"

"वाच गप."

ग्रिसेलनं चार अक्षरं वाचली. एकही जुळलं नाही.

"बास," एनेलिया म्हणाली.

"अगं, अजून साठ राहिलीत!"

"बास म्हटलं ना."

लिओ टपरीत बसून केळीच्या पानातला नारळाचा पाक खात होता. ती दारातच उभी राहिली.

"ठसा जुळत नाही."

"जुळेल कसा? तुमच्या मशीनचं साउंड कार्ड जुनाट. नुसत्या लिनक्सनं ते मुकंच राहील. म्हणून मी आत आवाजाचं जोडलं." त्यानं बोटं चाटली. "आणि सुरू होताना माझं नाव येईल असं केलं. छोटंसं."

"आणि यादी?"

"तीही बदलली. नाहीतर तुला उगाच घोर लागला असता."

तिनं वर पाहिलं. त्याच्या डोक्यावर पंखा फिरत होता. मोटर कपडे धुण्याच्या यंत्राची, पाती डब्याच्या पत्र्याची. या गावात कुणी वस्तू मिळाली तशी पुढे देत नाही. आपला एक खिळा ठोकूनच देतात. ती माया असते.

"माझ्यावर विश्वास नाही का?" लिओचा आवाज उतरला.

"माझ्या घराची किल्ली तुझ्याकडे आहे. मागितली का परत?"

"नाही."

"मग तसाच जा आणि मूळ डिस्क जशीच्या तशी आण. एक खिळाही नको."

दोन आठवडे ती कपाटाशी जात-येत राहिली. खोकं काढायची, हातात तोलायची, पुन्हा ठेवायची. लिओनं नवी डिस्क आणली. ग्रिसेलनं या वेळी फोनवर चौसष्टही अक्षरं वाचली. जुळली. मशीन स्वच्छ पुसून त्यावर लिनक्स चढलं.

मशीन मुकं निघालं.

"सांगितलं होतं," लिओ म्हणाला.

"तू जोडलेलं तेवढंच उघड. माझ्यासमोर."

नऊ ओळी होत्या. एनेलियानं चष्मा चढवला आणि जुन्या निवेदकासारखी त्या मोठ्यानं वाचायला लागली. प्रत्येक ओळीला थांबायची. ही काय करते? लिओ सांगायचा. सातव्या ओळीवर तो अडला.

"ही?"

"माहीत नाही. ज्याचं घेतलं त्यात होती."

"कुणाचं?"

"ओल्गीन शहरातला एक जण आहे. भला माणूस."

"भेटलायस त्याला?"

लिओनं मान हलवली. नाही.

"काढ ती."

"आवाज गेला तर?"

"मुकं चालेल मला. काढ."

त्यानं सातवी ओळ पुसली, उरलेल्या आठ मशीनमध्ये घातल्या. मशीन बंद करून पुन्हा सुरू केलं. स्पीकर खरखरला आणि बोलला. नऊ ओळींनी नाही, आठ ओळींनी बोलला. सातवीची गरजच नव्हती. मग ती तिथं कशासाठी होती?

एनेलियानं किल्ली गळ्यातून काढली. खोक्यातली डिस्क जोडली. तीनशे सातवी फीत लावली. वडील वाचू लागले. लिओनं टोपी काढून मांडीवर ठेवली. एकोणनव्वदावं नाव आलं. वडील थांबले नाहीत.

तिनंही थांबून ऐकलं नाही. ती सातवी ओळ कागदावर उतरवत होती, एकेक खूण दोनदा तपासत. कागद तिनं लिओपुढे धरला.

"ओल्गीनच्या माणसाला विचार, ही काय करते."

"त्यालाही माहीत नसेल तर?"

"तर त्याला कुणी दिली ते विचार."

लिओनं कागदाची घडी करून खिशात घातली. स्पीकरमधून नावं चालूच होती.